पऱ्हाटीच्या पेलेटवर खानावळ : शेगडी चांगली, कट्टा मात्र फोडून बघा

"घ्यावी का नाही" एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांना आधीच सांगून टाकते. दिवसाला पन्नासच्या वर ताटं उठत असतील, मागे उघडी पडवी असेल आणि पावसाळ्यात पेलेटचे कट्टे (पोती) कोरडे राहतील अशी खोली असेल, तर पेलेटची, म्हणजे पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) दळून-दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी, शेगडी घ्या. चार माणसांचं घर असेल, फ्लॅट असेल, तर नावही काढू नका. विकणारा कितीही गोड बोलला तरी. मधल्यांनी पुढचं वाचावं.

माझी यवतमाळात खानावळ आहे. जेवायला बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, काही बँकेतले, काही एकटे राहणारे शिक्षक. वरण-भात, एक रस्सा, एक सुकी भाजी, पोळ्या, आणि हिवाळ्यात अधूनमधून वांग्याचं भरीत अन् ज्वारीची भाकर. सगळं कमर्शिअल सिलिंडरवर चालायचं. १९ किलोच्या त्या सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो आणि मेसचा दर मात्र जूनमध्ये एकदा ठरला की वर्षभर तोच. पोरांच्या बापाला मधेच फोन करून "गॅस महागला, दोनशे वाढवा" असं सांगता येत नाही. पेलेटकडे मी वळले ती या हिशेबापायी. पर्यावरणाचं कौतुक मागून आलं, तेही पोरांनी केलं.

शेगड्या दोन घेतल्या. एक मोठी, बाजूच्या पेटीतून माल सोडायची, आणि एक लहान, एकदाच भरून पेटवायची. मोठी वीस हजारांच्या आत-बाहेर पडली. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच बनावटीच्या शेगड्या तीन-चार नावांनी विकल्या जातात, आणि मला जे वाईट बोलायचंय ते शेगडीपेक्षा तिच्यात घालायच्या मालाबद्दल आहे.

शेगडीची रचना समजून घेतली तर पुढची निम्मी भांडणं वाचतात. खाली छोटा पंखा असतो. त्याची थोडी हवा बुडाकडून जाते, तेवढ्यावर पेलेट धुमसतात आणि त्यातून जळणारा वायू सुटतो. उरलेली हवा वरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून येते आणि तो वायू तिथे पेटतो. म्हणजे आपण लाकूड जाळत नाही, लाकडातून निघालेला वायू जाळतो. म्हणूनच धूर नाही. पेटवताना पाच-सात मिनिटं आणि विझताना थोडा वेळ धूर येतो, मधे नाही. चुलीवर आयुष्य घालवलेल्या माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी शेजारी बसून होत्या; त्यांनी डोळे पुसले नाहीत, आणि माझ्यासाठी तीच पावती होती. भांड्याचं बूडही चुलीसारखं डांबर होत नाही, तांबूस-काळसर थर येतो, राखेनं घासला की निघतो.

एक गोष्ट मात्र विकणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही, म्हणून ठळक समजा. ज्वाळा गेली आणि खाली नुसते निखारे उरले की शेगडी शांत दिसते, पण त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड सुटत असतो. त्याला वास नाही, धूर नाही. बंद खोलीत, हिवाळ्यात दार लावून, "ऊब राहील" म्हणून ही शेगडी आत ठेवायची नाही. माझी पडवीत आहे आणि पडवीतच राहील.

आता स्वयंपाक. भात आणि वरण हिच्यावर फार छान होतं. मोठा गंज (पातेलं) चढवला की आच एकसारखी लागते, गॅसपेक्षा पसरून. आंघोळीचं पाणी, रस्सा, उसळ, दूध तापवणं, सगळं उत्तम. तेलाची कढई ठेवली तर मात्र लक्ष द्यावं लागतं, कारण पंख्याचं बटण फिरवल्यावर आच लगेच खाली येत नाही, थोडा वेळ घेते. तेवढ्यात फोडणीतली मोहरी करपते, जिरं कोळसा होतं. पोळ्यांसाठी मी आजही गॅसच वापरते. तव्याला क्षणात कमी, क्षणात जास्त आच लागते, ती हिच्याकडून मिळत नाही. भाकरीला चालते, भाकर सहनशील असते. म्हणजे माझा गॅस सुटला नाही, कमी झाला. "सिलिंडर विसरा" अशी जाहिरात करणाऱ्यांनी एकदा दीडशे पोळ्या लाटून, भाजून दाखवाव्यात.

हिशेब सांगते. पऱ्हाटीच्या चांगल्या पेलेटचा उष्मांक किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास धरतात, गॅसचा जवळपास ११,०००. कागदावर एक किलो गॅसला पावणेतीन किलो पेलेट. प्रत्यक्षात शेगडी गॅसच्या बर्नरइतकी उष्णता भांड्यापर्यंत पोचवत नाही, त्यामुळे जास्त लागतात. माझ्याकडे एका सिलिंडरचं काम २५ किलोचे तीन कट्टे करतात, ढिसाळ माणूस शेगडीवर असेल तर साडेतीन. कट्टा मला तीनशेला मिळतो. सिलिंडरच्या निम्म्या पैशांत काम झालं असं धरा, त्यातून पंख्याची वीज आणि राख काढणाऱ्या बाईचा जादा वेळ वजा करा. तरी उरतात. शेगडीचे पैसे वर्षाच्या आत निघाले.

पेलेट म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: करंगळीपेक्षा बारीक, इंच-दीड इंचाच्या तपकिरी कांड्या. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), शेंगांची टरफलं, जे हाताला लागेल ते दळून, वाळवून, लोखंडी चाळणीसारख्या डायमधून प्रचंड दाबानं काढतात. जाड, मनगटाएवढ्या असतात त्या ब्रिकेट. त्यांना इकडे पांढरा कोळसा म्हणतात आणि त्या कारखान्यांच्या बॉयलरला जातात. नागपूरच्या घाटांवर अंत्यसंस्कारालाही शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट वापरतात, मोक्षकाष्ठ नावानं. हे मला एका मेंबरनं जेवता जेवता सांगितलं. माहिती चांगली होती, वेळ चुकली.

यात सहसा डिंक, खळ, काहीही घालत नाहीत. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो दाबानं आणि उष्णतेनं मऊ होतो आणि थंड झाला की भुसा घट्ट धरून ठेवतो. आमच्याकडे जेवणारा एक केमिकलचा मुलगा याच लिग्निनवर फार चिडलेला असायचा. त्याचा प्रोजेक्ट काडीकचऱ्यापासून इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळतात ते, करण्याचा होता. त्याचं म्हणणं, "काकू, साखर आत सेल्युलोजमध्ये अडकलेली आहे आणि हे लिग्निन दारात बसलंय. ते हटवायलाच अर्धा खर्च जातो." पानिपतला इंडियन ऑइलचा असा कारखाना आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला. वर्षाला दोन लाख टन भाताचं तणस घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं, नऊशे कोटींच्या वर खर्च. त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. मी म्हटलं, बाबा, तुझ्या पेट्रोलला नऊशे कोटी लागतात, माझ्या वरणाला तीनशेचा कट्टा. तुझा दारातला चोर माझ्याकडे चौकीदार आहे. तो हसला, पण पटलं त्याला. मोठ्या कारखान्यांची गरज नाही असं मला म्हणायचं नाही. तणसाचे डोंगर जाळण्यापेक्षा ते बरंच. फक्त बातम्यांमध्ये "कचऱ्यातून सोनं" असं वाचून कोणी दुकान टाकायला निघालं, तर त्यानं आधी मागच्या गल्लीतला पेलेटचा कारखाना चालू आहे का बंद, ते बघून यावं.

आता वाईट भाग. पहिले काही महिने माल एकसारखा आला. मग माझ्या पुरवठादाराकडे एक लॉट असा आला की कट्टा उघडताच तळाशी भुसा. कांड्या बोटांनी मोडत होत्या. पेटल्या, पण आच बसेना, आणि तासाभरानं जाळीवर काचेसारखा चकचकीत दगड तयार झाला. भट्टीवाले त्याला क्लिंकर म्हणतात. राख वितळून तो होतो. मालात माती असली, कुटाराचं प्रमाण जास्त असलं की व्हायचाच. जाळीची भोकं बुजली, हवा अडली, धूर सुरू, आणि दुपारची पंगत अर्धा तास उशिरा बसली. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "काकू, मिक्स माल आहे, सगळीकडे असाच चालू आहे." सगळीकडे असाच चालू असेल तर कट्ट्यावर "१०० टक्के पऱ्हाटी" कशाला छापता? उत्तर नाही. तीन कट्टे परत घेतले, बाकीचे मी चुलीत ढकलून संपवले. दुसऱ्या ठिकाणाहून घ्यायला लागले तेव्हापासून फरक पडला, पण कट्टा फोडून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

काय बघायचं? मूठभर कांड्या घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत, थोडी चकाकी असलेला पाहिजे; उभ्या-आडव्या भेगा असतील तर ओलावा जास्त होता किंवा दाब कमी पडला. मोडताना कट्‌ आवाज यावा. ग्लासभर पाण्यात एक कांडी टाका: चांगली असेल तर सरळ तळाला जाते, मग फुगून भुसा होते. तरंगली तर पोकळ आहे. फुगल्यावर ग्लासाच्या बुडाशी वाळू-माती बसली का ते बोटानं चाचपा. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी परीक्षा हीच. आणि एक किलो जाळून राख तोला. पन्नास ग्रॅमच्या आसपास असेल तर ठीक, शंभरच्या वर गेली तर तुम्ही मातीचे पैसे देताय.

माती येते कुठून ते मला आमच्या दिरांमुळे कळलं. बाभूळगाव तालुक्यात त्यांची कपाशी आहे. पूर्वी वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, थोडी सरपणाला धुऱ्यावर रचायची, थोडी मजूर बाया घेऊन जायच्या, बाकीची पेटवून द्यायची. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात धुमाकूळ घातला त्यानंतर कृषी खात्यानं आणखी जोर लावला: फरदड (वेचणी संपल्यावर तीच कपाशी ठेवून घेतलेलं पुढचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, रचूनही ठेवू नका, कारण उरल्यासुरल्या बोंडांत अळी बसून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. पेलेटच्या कारखान्याला पऱ्हाटी गेली तर हा प्रश्न परस्पर सुटतो. दळून, तापवून, दाबून निघालेल्या कांडीत कोणती अळी राहणार? हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. पण चिमट्यानं उपटली की मुळासोबत काळी माती येते. आमची काळी माती मुळाला कशी चिकटते हे वेगळं सांगायला नको. ती माती डाय झिजवते, राख वाढवते आणि शेवटी माझ्या जाळीवर काच होऊन बसते. मुळं तोडून आणलेला माल आणि मुळासकट आणलेला माल यांत एवढा फरक आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, सिरकॉटचं, नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं पऱ्हाटीपासून पेलेट आणि ब्रिकेट करण्याचं बरंच काम झालेलं आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही होतो. म्हणजे ज्ञान इथल्या इथं आहे. ते आमच्या पुरवठादारापर्यंत का पोचत नाही हे त्याला विचारा.

दिरांची तक्रार वेगळी. शेतातून पऱ्हाटी उचलताना व्यापारी टनाला हजार-बाराशे देतो, म्हणजे किलोला रुपया-सव्वा रुपया, आणि तीच मी बारा रुपये किलोनं विकत घेते. "वहिनी, मधले अकरा रुपये कोण खातं?" मी कारखान्यावर गेले होते तेव्हा बघितलं, म्हणून सांगू शकते. ट्रॅक्टरची ट्रॉली शिगोशीग भरलेली दिसते, पण त्यात वजन किती असतं? फांद्यांमध्ये सगळी हवाच. डिझेल हवेचं जळतं. मग कुट्टी करायची, पसरून वाळवायची, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत निम्मं पाणीच असतं. मग दळण, मग दाबाचं मशीन, त्याची वीज, दर काही दिवसांनी झिजलेली डाय, कट्टे, हमाली. बारा रुपयांत पऱ्हाटीचा भाग थोडा, कोरडेपणाचा आणि घट्टपणाचा भाग मोठा. म्हणूनच ओला किंवा ठिसूळ कट्टा मिळाला की मला राग येतो: ज्याचे पैसे दिले तेच आत नसतं.

आणि भाव पुढे कमी होतील असं समजू नका. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळावं असं केंद्र सरकारचं धोरण २०२१ मध्ये आलंय. कारखान्याच्या पोरानं स्पष्ट सांगितलं, "काकू, वीज केंद्राची ऑर्डर आली की तुमच्या चार कट्ट्यांकडे बघायला आम्हाला वेळ नाही राहत." खरं बोलला, म्हणून त्याचा राग नाही आला. पण तेव्हापासून मी पावसाळ्याचा माल मे महिन्यातच भरून ठेवते.

पावसाळा हा पेलेटचा वैरी आहे. दमट हवेतही कांड्या ओलावा ओढतात आणि सैल होतात. एक गळकं पत्र्याचं भोक अख्खा कट्टा भुसा करू शकतं. कट्टे जमिनीवर ठेवायचे नाहीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. आतून प्लास्टिकची पिशवी असलेला कट्टा दहा रुपये महाग मिळतो, पावसाळ्यात तोच घ्या.

लाईट गेली की पंखा बंद आणि पंखा बंद झाला की शेगडी म्हणजे धुराचं पिंप. माझ्या मोठ्या शेगडीला बारा व्होल्टची बॅटरी जोडून घेतली आहे, ती भारनियमनात तरते. लहानीला नव्हती, तिला इनव्हर्टरवरून वायर ओढली. खरेदीच्या वेळी बॅटरीची सोय मागूनच घ्या, आणि एक सुटा पंखाही. पंखा उष्णतेनं आणि तेलकट वाफेनं जातो, आणि तो कुरिअरनं येईपर्यंत पोरं उपाशी थांबत नाहीत. सेवेबद्दल बोलायचं तर शेगडीवाल्यांनी फोन उचलला, पंखा पाठवला, माणूस मात्र पाठवला नाही. फोनवर व्हिडिओ दाखवून आमच्या यांच्याकडूनच बसवून घेतला. चारपैकी तीन गुण देईन.

राखेचं आणि कोळशाचं मला अनपेक्षित सुख मिळालं. लहान शेगडी एकदा भरून पेटवायची असल्यामुळे ज्वाळा संपल्यावर आत काळ्या कांड्यांचा कोळसा उरतो. तो तसाच जळू दिला तर राख होते. चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात काढून घट्ट झाकण लावलं तर हवा न मिळाल्यानं विझतो आणि साठवता येतो. भरताची वांगी मी त्याच कोळशावर भाजते आणि मेंबर लोक भरिताच्या दिवशी वेळेच्या आधी येतात. पुण्याच्या 'आरती' (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायचं तंत्र काढलं, त्याला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा सराई कुकर मूठभर कोळशाच्या कांड्यांवर घरचा स्वयंपाक करतो. घरगुती वापराला ज्यांना काडीकचऱ्याचं इंधनच हवंय त्यांनी माझ्यासारखी पंख्याची शेगडी घेण्यापेक्षा तो मार्ग बघावा. राख भांड्यांना जाते, उरलेली परसातल्या वांग्या-मिरच्यांना थोडी थोडी. तिच्यात पालाश असतं. ढिगानं टाकू नका, जमीन बिघडेल.

आता दिरांनी नवीनच काढलंय. पैसे नकोत, पऱ्हाटीच्या बदल्यात कट्टे द्या, ते वहिनींच्या खानावळीला जातील आणि आपला हिशेब घरात मिटेल. कारखान्याच्या पोरानं ऐकून घेतलं. त्याच्या अटी: मुळासकट नको, वाळलेली पाहिजे, कुट्टी करून आणली तर भाव वेगळा. टनाला चार कट्टे. दिरांचं म्हणणं, मूळ तोडायचं तर कापायला एक मजुरी आणि नंतर धसकटं काढायला दुसरी. म्हणून पाच कट्टे. तो चारवर, हे पाचवर, आणि दोघंही मला फोन करतात. वेचणी संपेपर्यंत काहीतरी ठरेल. मी कोणाकडून बोलावं तेच कळत नाही, कारण मातीवाली पऱ्हाटी गेली तर क्लिंकर माझ्याच जाळीवर बसणार आहे.